कप्तानाचं ग्रिल आणि चिमट्याची मिशी

पैज लागली मिशीवर. मिशी चिमट्याची होती आणि ती काही साधीसुधी मिशी नव्हती. दोन्ही टोकं वर वळलेली, रोज तेल चोळून मस्तीला आलेली. चिमटा गल्लीच्या कोपऱ्यावर वळायचा तेव्हा आधी मिशी वळायची, मग तो.

चिमटा म्हणजे कोपऱ्यावरच्या टपरीत किल्ल्या बनवणारा. त्याचं खरं नाव सांगायला त्याच्या बायकोलाही जरा आठवावं लागायचं. पन्नाशी उलटली तरी येताजाता कुणाला तरी चिमटा काढल्याशिवाय त्याला घास गिळवत नसे. एकदा त्याने सलूनच्या कुलपाची जादा किल्ली बनवली आणि आतल्या सगळ्या खुर्च्या भिंतीकडे तोंड करून ठेवल्या. पहिलं गिऱ्हाईक आलं तर खुर्चीत बसून भिंतीशीच बोलायला लागलं. सलूनवाला तेव्हापासून त्या मिशीवर डोळा ठेवून होता.

त्या संध्याकाळी इमारतीच्या मागच्या अंगणात, भिंतीलगतच्या बाकावर सलूनवाला, चिमटा आणि चिमट्याची बायको बसली होती. तळमजल्यावरच्या आत्या आपल्या खिडकीत. त्या नक्की कुणाच्या आत्या हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण हाक सगळ्या इमारतीची तीच. बाकाच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर, कप्तानाची खिडकी. ती अर्धी उघडी होती. तिकडे कुणी बघितलं नाही.

"कप्तान काही आता खाली येत नाही," सलूनवाला म्हणाला. "माझ्याकडून लिहून घ्या."

कोपऱ्यात ताडपत्रीखाली कप्तानाचं ग्रिल उभं होतं. सगळ्यांची नजर तिकडे गेली आणि तिथून परत आली.

कप्तान कधीच कप्तान नव्हता. जन्मभर बोटींवर स्वयंपाकी होता. समुद्र सोडून आला तेव्हा लोकांनी घर घेतलं, गाडी घेतली. ह्याने हे एवढं मोठं स्टेनलेस स्टीलचं ग्रिल घेतलं आणि अंगणात ठेवलं. दर रविवारी संध्याकाळी तो त्याच्यामागे उभा राहायचा. मासे, कांदे, कणसं, ज्याच्या घरात जे असेल ते घेऊन लोक यायचे आणि तो भाजून द्यायचा. कुणी घाई केली की कप्तान हातातला लोखंडी चिमटा त्याच्या दिशेला करून म्हणायचा, "पुढे आलास तर तुलाच पलटीन." मग वर्षाच्या सुरुवातीला झटका आला. उजवी बाजू गेली. पाय बऱ्यापैकी परत आला, हात थोडासा आला, तोंड मात्र एका बाजूला ओढलेलं राहिलं आणि शब्द जाड झाले. डॉक्टर सांगून थकले की काठी घ्या, जिना उतरा. तो खोलीतून बाहेर पडेना. चिमटा दोन-चारदा वर जाऊन आला, जमवून आणलेले सगळे विनोद करून आला. कप्तान भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

आणि आज सकाळी कपडे वाळत घालताना वहिनी, म्हणजे कप्तानाची बायको, चिमट्याला म्हणाल्या, "भाऊजी, सोमवारी भंगारवाला येतोय. ग्रिल न्यायला."

"कुणी बोलावलं?"

"ह्यांनीच सांगितलं बोलवायला. म्हणतात, माणूस भंगारात गेला, आता ते कशाला जागा अडवून ठेवायचं." एवढं बोलून त्यांनी एकच टॉवेल पिळला, झटकला, परत पिळला. चिमट्याला तोंडात विनोद सापडला नाही. असं त्याच्या आयुष्यात फारसं झालं नव्हतं. ग्रिल गेलं की कप्तानाला खाली यायला कारणच उरणार नाही, एवढं त्याला कळत होतं. आणि मग ती खोली, ती भिंत, आणि वहिनींचा तो टॉवेल.

म्हणून तो आता बाकावर म्हणाला, "मी आणतो खाली."

"उचलून?"

"आपल्या पायाने येईल. मी हाक मारणार नाही, वर जाणार नाही, कुणाला पाठवणार नाही. रविवारी अंगणातला दिवा लागायच्या आत कप्तान ह्या अंगणात उभा असेल."

"आणि नसला तर?"

चिमट्याने मिशीचं टोक पिळलं. त्याची बायको म्हणाली, "अहो, जपून," पण तोवर उशीर झाला होता.

"नसला तर ही गेली. इथे, सगळ्यांसमोर. तूच कर."

सलूनवाला असा उठून बसला जणू लॉटरी लागली. "दिला शब्द. बोल, तुला काय पाहिजे?"

"मी जिंकलो तर तुझे केस मी कापणार. इथेच."

सलूनवाल्याच्या डोक्यावर खोट्या केसांचा टोप आहे हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. गल्लीला माहीत आहे हे फक्त सलूनवाल्याला माहीत नव्हतं. त्याचा हात आपोआप डोक्याकडे गेला आणि तिथून माशी हाकलल्यासारखा परत आला. आत्यांनी पदर तोंडात कोंबला.

"मान्य," सलूनवाला बारीक आवाजात म्हणाला. दुसरं म्हणणार तरी काय.

रविवारी ऊन अंगणात आलं तसा चिमटा बायकोचा फुलाफुलांचा एप्रन बांधून हजर झाला. ताडपत्री ओढली. आतून कुबट वास आला. झाकणावर पाण्याचे पांढरे डाग, बाजूच्या फळीवर जुन्या तेलाचा चिकट थर, जाळ्यांना झटक्याआधीच्या शेवटच्या रविवारचं काय काय चिकटलेलं, आणि कोपऱ्यात तांबूस ठिपके. झाकण उघडलं तर एक कोळी सामान बांधून निघाला.

चिमट्याचा बेत सोपा होता. कप्तानाला जगात एक गोष्ट सहन व्हायची नाही, ती म्हणजे त्याच्या स्टीलची हेळसांड. एकदा कुणी ग्रिलवर ओला ग्लास ठेवला तर त्याने त्या माणसाला तीन रविवार कणीस दिलं नव्हतं. तेव्हा हाक मारायची गरजच नाही. खिडकीखाली उभं राहून त्या ग्रिलचे असे हाल करायचे की माणूस चिडून खाली आला पाहिजे.

खरे हाल अर्थात करायचे नव्हते. चिमट्याने घरून एक पोचे आलेलं जुनं पातेल्याचं झाकण आणलं होतं. ते त्याने ग्रिलच्या उघड्या झाकणामागे लपवून धरलं, तारेची घासणी घेतली, आणि सुरू झाला. कर्रर्र. आत्यांच्या मांजराने अंगण सोडलं.

"मस्त निघतंय," चिमटा मोठ्याने म्हणाला. "गोल गोल घासलं की काय चकाकतंय."

वरचा पडदा हलला.

कर्रर्र. "हे डाग काही जाईनात. बायको, ती पटाशी आण गं."

"कुठली पटाशी?" बायकोला बेत सांगितला नव्हता. "अहो, कशाला त्या गरिबाचं—"

"बरं, ब्लीच आण. अख्खी बाटली ओततो." बाटली त्याच्याकडेच होती. आत नळाचं पाणी होतं. त्याने झाकण फिरवलं आणि हात उंच केला, खिडकीतून दिसेल असा.

"नको."

एकच शब्द. जाड, अर्धवट, पण खिडकीतून आलेला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा कप्तान खिडकीत उभा होता. दाढी वाढलेली, तोंड डावीकडे ओढलेलं, आणि डोळे असे की चिमट्याला कुठेतरी लपावंसं वाटलं.

"मग कशाने धुऊ?" चिमट्याने निरागस तोंड केलं. "खाली येऊन दाखव की."

कप्तान खिडकीतून गेला. चिमट्याने सलूनवाल्याकडे बघून हवेत कात्री चालवली. सलूनवाल्याने टोपी घातली.

पण जिन्यात पावलं वाजली नाहीत. खिडकीतून टोपली आली. वहिनी रोज दूध-पाव वर घेतात ती दोरीची टोपली, आज धक्के खात, तिरकी होत उतरत होती, कारण दोरी डाव्या हातात होती. आत भांडी धुवायच्या साबणाची बाटली, एक मऊ फडकं आणि एक पितळी ब्रश.

"आधी पेटव," वरून आवाज आला.

"काय?"

"पे-टव. तापू दे. मग जाळ्या. गार जाळीवर... घासून मरशील."

चिमट्याने सिलिंडरचा कॉक फिरवला, काडी धरली. एक बर्नर पेटला, दुसरा नुसता फुसफुसला.

"बंद कर. कोळ्याने घर केलंय. नळीत."

किल्ल्यांच्या टपरीत बारीक तारांना तोटा नव्हता. चिमट्याने खिशातून एक काढली, बर्नरचं एकेक भोक मोकळं केलं आणि फुंकर मारली. काळी धूळ सगळी त्याच्याच तोंडावर. "मिशी रंगवून घेतोस का जाता जाता?" सलूनवाला म्हणाला. दुसऱ्यांदा दोन्ही बर्नर निळे पेटले. जाळ्यांवरचं सगळं जळून राख झालं, पितळी ब्रशने झरझर निघालं. मग ग्रिल कोमट होऊ दिलं, आणि गरम पाण्यात साबण.

इथपर्यंत चिमट्याला पैज आठवत होती. दर थोड्या वेळाने तो वर बघून म्हणायचा, "मला नाही जमत बुवा, तू ये." आणि दर वेळी टोपली यायची. डागांसाठी व्हिनेगर आलं. फळीवरच्या थरासाठी लाकडी चमचा आला, "चमच्याने काढ, सुरीने नको." ट्रेमधलं घट्ट झालेलं तेल कशात काढायचं म्हणून एक रिकामा डबा आला. एकदा नुसतंच केळं आलं.

"हे कशाला?" चिमट्याने विचारलं.

"तुला. दमलास."

मग चिमटा झाकण पुसायला लागला आणि फडकं गोल फिरवलं. ह्या वेळी मुद्दाम नाही, सवयीने.

"थांब."

चिमटा थांबला.

"रेघ बघ."

"कसली रेघ?"

"वाक. उन्हात बघ. स्टीलला रेघ असते. आडवी. तिच्या दिशेने पूस."

चिमट्याने डोळे बारीक केले. खरंच होती. केसासारख्या बारीक रेघा, सगळ्या एकाच बाजूला जाणाऱ्या, आणि त्यांच्यात पाण्याचे डाग अडकलेले. त्याने रेघेच्या दिशेने लांब हात मारला. डाग गेला. दुसरा हात मारला. झाकणाचा एक पट्टा असा उजळला की त्यात आकाशाचा निळा रंग उतरला.

"किल्ल्या घासण्यात जन्म गेला तुझा," वरून आवाज आला, आता पहिल्यापेक्षा मोकळा. "आणि तुला रेघ माहीत नाही? आणि ते पातेल्याचं झाकण... बायकोला परत दे. काय वाजवत होतास सकाळी. मला काय येडा समजतोस?"

अंगणात हशा पिकला. चिमट्याची बायको ते झाकण बघून म्हणाली, "हे कधीचं शोधतेय मी." आणि वरही काहीतरी झालं. कप्तानाचं तोंड आणखी वाकडं झालं आणि त्यातून घरघर आली. तो हसत होता. वाकड्या तोंडाने, सगळ्यांच्या देखत, आणि ते कुणाला वाकडं दिसत होतं असंही नाही. आत्या म्हणाल्या, "अरे कप्ताना, त्या डाव्या जाळीवर अजून डाग आहे, मला इथून दिसतोय, त्या मेल्याला दिसत नाही." आणि कप्तान म्हणाला, "आत्या, तुम्हीच सांगा त्याला, माझा घसा सुकला."

त्यानंतर पैज चिमट्याच्या डोक्यातून गेली. तो पुसत राहिला आणि कप्तान सांगत राहिला. धुतल्यावर लगेच कोरडं कर, पाणी राहिलं की डाग पडणारच. फडक्यावर तेलाचे थेंब घे, बोटभरच, आणि हलकं फिरव. गॅसच्या नळीला साबणाचं पाणी लाव, बुडबुडे आले तर गळती. नाही आले? बरं. ताडपत्री गार झाल्यावरच, आणि खाली फट ठेव, नाहीतर आत घाम धरतो. तारेची घासणी फेकून दे, तिचे कण अडकले की तेच गंजतात, आणि लोक स्टीलला शिव्या देतात. बोलता बोलता तो कधी बोटीवरच्या स्वयंपाकघरात जायचा, कधी परत यायचा. शब्द अडकला की चिमटा फडकं थांबवून वाट बघायचा. घाई करायचा नाही. हे असं वाट बघत उभं राहणं त्याच्या स्वभावातलं नव्हतं.

मधेच वहिनी वाटी घेऊन खाली आल्या आणि आत्यांच्या घरात शिरल्या. बराच वेळ आतून दोघींच्या हसण्याचा आवाज येत राहिला. वहिनींचं हसणं कितीतरी दिवसांत कुणी ऐकलं नव्हतं. हरलो तरी चालेल, असं चिमट्याला पहिल्यांदा तेव्हा वाटलं. पण मिशीवरून हात फिरवला आणि वाटणं जरा कमी झालं.

ऊन भिंतीवर चढलं तेव्हा ग्रिल झालं होतं. चिमट्याने मागे सरून बघितलं. "कसं आहे?" त्याने वर विचारलं.

खिडकी रिकामी होती.

चिमट्याने फडकं खांद्यावर टाकलं. दमला असेल. जाऊन पडला असेल, भिंतीकडे तोंड करून. एवढा दिवस बोलला, हसला, आणि शेवटी तीच भिंत. आणि उद्या भंगारवाला हे असं चकचकीत केलेलं घेऊन जाणार, वर म्हणणार, वा, माल छान ठेवलाय. हाक मारावी असं चिमट्याला फार वाटलं. पण हाक मारायची नव्हती. पैजेचं सोडा, हाक मारून आलेला कप्तान त्याला नकोच होता.

तेवढ्यात अंगणातला दिवा लागला. त्याचं बटण आत्यांच्या स्वयंपाकघरात होतं.

"मिशी," सलूनवाला म्हणाला आणि टोपी काढून खुशाल मांडीवर ठेवली.

"आत्या," चिमटा म्हणाला, "अजून ऊन आहे भिंतीवर."

"मला नाही दिसत बाबा. मोतीबिंदू आहे."

"मगाशी तर जाळीवरचा डाग दिसला."

"तो मगाशी."

चिमटा काही बोलणार इतक्यात जिन्याचं दार उघडलं. आधी काठी आली. मग पाय, मग दुसरा पाय ओढत. कप्तान स्वच्छ सदरा घालून दारात उभा होता आणि त्याच्या मागे वहिनी, हात पुढे करून पण हात न लावता. उंबरा त्याने स्वतः ओलांडला. अंगणात आला, दिव्याकडे बघितलं, मग चिमट्याकडे.

"दिवा लागला?" त्याने विचारलं.

"आत्ताच."

"मग बरं झालं. तुम्ही लोक... माझ्याच खिडकीखाली पैजा लावता. हात गेलाय माझा. कान नाही."

चिमट्याने कप्तानाच्या पँटकडे बघितलं. मागच्या बाजूला जिन्याची पांढरी धूळ लागलेली. चिमट्याच्या बायकोलाही ती दिसली. तिने नवऱ्याला कोपराने ढोसलं आणि कुजबुजली, "अहो, शेवटच्या पायरीवर बसून होते ते. दिव्याची वाट बघत. म्हणजे आधीच उतरलेले. जिंकलात की तुम्ही."

चिमट्याने हिशेब केला. सगळा जिना, एकेक पायरी, त्या पायाने. मग दाराआड अंधारात बसणं, फक्त ह्यासाठी की आत्यांनी दिवा लावावा आणि आपली मिशी जावी. त्याच्याही आधी वहिनींना वाटी देऊन आत्यांकडे पाठवणं. एवढा कट. एवढा मेहनतीचा, इतका सुरेख कट, आणि तो अशा माणसाने केला होता जो सोमवारी स्वतःला भंगारात काढणार होता. सलूनवाल्याच्या टोपापेक्षा, स्वतःच्या मिशीपेक्षा, ह्या कटाची चिमट्याला जास्त माया वाटली. असं काम त्याला स्वतःलाही साधलं नसतं.

"गप," तो बायकोला म्हणाला. मग मोठ्याने, "हरलो. काय करणार. दिवा तर लागला."

कप्तानाने त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. त्याला कळलं होतं की ह्याला कळलंय.

खुर्ची ग्रिलसमोर मांडली गेली. वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या. गल्लीतून जाणारे आत डोकावले आणि आतच थांबले. सलूनवाला पेटी घेऊन आला, चिमट्याच्या गळ्यात कापड बांधलं. साबणाचा फेस करायला त्याने ब्रश उचलला तर कप्तानाने डावा हात पुढे केला. ब्रश त्याच्या हातात दिला. वाटी त्याने उजव्या हाताने छातीशी धरली, घट्ट नाही, पण धरली. फेस अर्धा मिशीला लागला, अर्धा नाकाला, थोडा कानात गेला.

"कानात मिशी नाही माझ्या," चिमटा म्हणाला.

"हलू नको. नाहीतर पलटीन तुला."

ग्रिलच्या झाकणात चिमट्याला स्वतःचं तोंड दिसत होतं. धूसर, आडव्या रेघांमधून, पांढऱ्या मिशीचं. मागे कप्तानाचं तोंडही त्याच झाकणात, आणि त्या धूसर स्टीलमध्ये कोण वाकडं आणि कोण सरळ हे काही कळत नव्हतं.

सलूनवाल्याने वस्तरा उघडला. आयुष्यभराची हौस एका हातात आली होती. पहिला हात मारणार तेवढ्यात कप्तानाने काठीने त्याचा पाय हलकेच ढोसला.

"रेघ बघ," तो म्हणाला. "ज्या दिशेला केस, त्याच दिशेला. उलटं नको."

मिशी गेली. खाली एक कोवळं, बावळट, कधीही ऊन न लागलेलं ओठांवरचं कातडं निघालं. अंगण हसून हसून आडवं झालं. चिमट्याची बायको पुढे येऊन बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बरं झालं लग्नाआधी ठेवली होती." सलूनवाल्याने कापलेले केस कागदात घेऊन सगळ्यांना फिरून दाखवले, आणि तोऱ्यात मान अशी उडवली की त्याचा टोप दोन बोटं सरकला. सगळ्यांनी दुसरीकडे बघितलं.

कप्तान ग्रिलपाशी गेला. डाव्या हाताने झाकण उघडलं, आत बोट फिरवून बघितलं, जाळी हलवून बघितली. मग चिमटा मागितला, खरा, लोखंडी. वहिनींनी तो आधीच आणून ठेवला होता.

"उद्या तो भंगारवाला येणार ना गं?" त्याने काडी पेटवायला सांगता सांगता विचारलं.

"येईल. त्याला काय सांगू?" वहिनी म्हणाल्या.

"एवढ्या लांबून येणार बिचारा. रिकाम्या हाताने नको पाठवू," कप्तान म्हणाला. "ती मिशी दे."